कॉम्प्रेसरच्या तेलात बाटली ओतण्याआधी

मी चिलर प्लँट सांभाळते, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारी मोठी यंत्रं. हुद्दा कागदावर काहीही असो, दिवसभराचं काम दोनच ओळींचं: यंत्रं बंद पडू द्यायची नाहीत आणि विजेचा आकडा चढू द्यायचा नाही. त्यामुळे उन्हाळा तोंडावर आला की कुणीतरी एक बाटली घेऊन येतंच. कॉम्प्रेसरच्या तेलात टाकायचं ॲडिटिव्ह. लेबलवर बचतीची टक्केवारी आणि हिरव्या पानाचं चित्र. हल्ली नातेवाईकसुद्धा विचारतात, "घरच्या एसीत टाकलं तर बिल कमी येतं म्हणे, खरं का गं?"

एका शब्दात उत्तर देता येत नाही. ते सगळं खोटं नसतं, आणि जेवढं खरं असतं ते लेबलवर लिहिलेलं नसतं.

बाटलीचे दावे दोन असतात आणि ते नेहमी एका दमात सांगितले जातात. एक, घर्षण कमी होतं. दोन, नळ्यांच्या आतून बसलेला तेलाचा थर सुटतो, म्हणून उष्णता चटकन जाते. पहिली गोष्ट घडते कॉम्प्रेसरच्या पोटात, दुसरी घडते इव्हॅपोरेटर (जिथे गॅस उकळून उष्णता शोषतो) आणि कंडेन्सर (जिथे तो ती बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो) यांच्या नळ्यांत. दोन्हींचं शास्त्र वेगळं, मोजमाप वेगळं. पण एकीचा पुरावा दाखवून दुसरी गळ्यात मारायची पद्धत आहे. म्हणून मी दोन्ही सुट्या करून बघते.

आधी थराची गोष्ट घेऊ.

तेलाचं काम कॉम्प्रेसरमध्ये आहे. पण गॅस (यंत्रात फिरून उष्णता वाहणारं द्रव्य; ते द्रव झालं तरी आम्ही त्याला गॅसच म्हणतो) दाबून बाहेर पडताना बरोबर तेलाचे बारीक थेंब घेऊन जातो, त्याला इलाज नाही. तेल वेगळं करून परत पाठवणारा चांगला ऑइल सेपरेटर असेल तर फिरणाऱ्या गॅसमध्ये तेल वजनाने एक टक्क्याच्याही खाली राहतं. सेपरेटर नसलेल्या छोट्या यंत्रांत काही टक्के सापडू शकतं. कंडेन्सरमध्ये सगळं गरम असतं, तेल पातळ असतं, द्रव गॅसमध्ये विरघळून पुढे सरकतं. खरी अडचण इव्हॅपोरेटरमध्ये. तिथे गॅस उकळून निघून जातो, तेल उकळत नाही. ते मागे राहतं, थंड होतं, घट्ट होतं. साध्या कॉइलमध्ये गॅसच्या वेगाने ते ओढलं जाऊन परत येतं; कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या पाइपाचा, म्हणजे सक्शन लाइनचा, व्यास हिशेबाने ठरवतात आणि उभ्या पाइपाच्या तळाशी ट्रॅप देतात तो याचसाठी. शेल भरून द्रव गॅस असतो अशा फ्लडेड चिलरमध्ये ओढायला वेगच नसतो. तिथे तेल साचत जातं आणि ते परत आणायला वेगळी व्यवस्था लागते. अमोनियाच्या प्लँटवर काम केलेल्यांना हे सांगावं लागत नाही. तिथे खनिज तेल अमोनियात मिसळतच नाही, द्रव अमोनियापेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि ऑइल पॉटमधून काढून टाकावं लागतं.

तेल उष्णतेचा वाहक म्हणून अगदी सुमार. तांब्यातून उष्णता तेलापेक्षा अडीच हजार पटींच्या आसपास सहज वाहते. तेव्हा नळीच्या भिंतीवर तेल जमलं तर तोटा होणार, हे खरंच आहे. बाटलीवाल्याच्या पत्रकात नळीचा छेद काढून आत पिवळा जाड थर दाखवलेला असतो, हृदयरोगाच्या दवाखान्यातल्या धमनीच्या चित्रासारखा. तिथेच माझा आक्षेप सुरू होतो.

आर-२२ हा जुना गॅस आणि खनिज तेल यांच्या जोडीत, थंड बाजूला, तेल वेगळं पडून चिकटून बसू शकायचं. आज आर-१३४ए किंवा आर-४१०ए या गॅसांबरोबर जे पॉलिओल एस्टर तेल वापरतात, ज्याला आम्ही सगळे पीओई म्हणतो, ते निवडलंच मुळी गॅसमध्ये मिसळतं म्हणून. तिथे भिंतीवर खरवडून काढायचा थर नसतो. भिंतीलगतच्या द्रवात तेलाचं प्रमाण वाढलेलं असतं, एवढंच. आणि पत्रकात लिहिलेलं असतं की ॲडिटिव्हचे ध्रुवीय रेणू धातूला घट्ट धरतात आणि तेलाला बाजूला सारतात. एस्टर स्वतःच ध्रुवीय असतं हो! ते तर आधीच धातूला धरून बसलंय. नवा पाहुणा नेमकं कुणाला उठवणार, हे मी एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल आणखी एक पत्रक मिळालं.

शिवाय तेल नेहमी नडतंच असंही नाही. साध्या गुळगुळीत नळीत अगदी थोडं तेल असेल तर फेस होतो, द्रव भिंतीला वरपर्यंत भिजवतो आणि उकळण्याची क्रिया उलट सुधारते. प्रमाण वाढलं की मात्र ती बिघडते. सगळा खेळ प्रमाणाचा.

या विषयावर मला आवडलेलं काम मार्क केडझिएर्स्की यांचं. ते अमेरिकेतल्या 'निस्ट' या मोजमापाच्या सरकारी संस्थेत संशोधन करत. त्यांनी आर-१३४ए आणि पीओई तेलाच्या मिश्रणात कॉपर ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण टाकून ते उकळताना किती उष्णता जाते हे मोजलं. मिश्रणात ०.५ टक्के नॅनोतेल, म्हणजे कण घातलेलं तेल, होतं तेव्हा कण नसलेल्या तेलाच्या तुलनेत सुधारणा ५० ते २७५ टक्के. हा आकडा तुम्ही ऐकला असेल, तो पत्रकांतून फिरत असतो. त्याच प्रयोगातले पुढचे आकडे फिरत नाहीत. नॅनोतेल १ टक्का केल्यावर सुधारणा सरासरी १९ टक्क्यांवर आली. २ टक्के केल्यावर ती आणखी उतरून सरासरी सुमारे १२ टक्क्यांवर आली. तेच कण, तेच तेल, तोच गॅस. आता मला सांगा, चालत्या यंत्रात इव्हॅपोरेटरच्या कोणत्या भागात किती तेल आहे हे बाटली ओतणाऱ्याला कसं कळणार? भार बदलला की ते प्रमाणही बदलतं.

आणखी एक. हे मोजमाप एका पृष्ठभागावरच्या उकळण्याचं आहे, अख्ख्या यंत्राच्या विजेचं नाही. उकळण्याची बाजू दुप्पट चांगली झाली तरी पाण्याच्या बाजूचा अडथळा तसाच राहतो. कॉइल असेल तर हवेच्या बाजूचा अडथळा तर सगळ्यात मोठा असतो आणि तो बऱ्याचदा धुळीचा असतो.

थराचा दावा तपासायचा असेल तर त्यासाठी एक आकडा आहे, आणि तो विजेचा नाही. चिलरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान आणि आत उकळणाऱ्या गॅसचं तापमान यांतला फरक. त्याला ॲप्रोच म्हणतात. फ्लडेड चिलर निरोगी असेल तर हा फरक दोन-तीन अंशांत असतो, चांगल्या यंत्रात त्याहून कमी. तेल साचलं की तो हळूहळू फुगतो. भार तेवढाच, पाण्याचा प्रवाह तेवढाच आणि बाटलीनंतर ॲप्रोच कमी झाला, तर मी खुर्ची ओढून ऐकायला बसेन. पण ॲप्रोच फुगला असेल तेव्हा पहिला प्रश्न 'तेल इथे आलं का आणि परत का गेलं नाही' हा असायला हवा. सेपरेटरचा फ्लोट अडकलाय, तेल परतीचा फिल्टर चोंदलाय, कुणीतरी पातळी कमी दिसली म्हणून वरून तेल भरत गेलंय, असलंच काहीतरी निघतं. ते दुरुस्त केलं की बाटलीचं काम उरत नाही.

आता घर्षण.

इथे ॲडिटिव्ह या शब्दाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. डब्यातून येणाऱ्या तेलातच ॲडिटिव्ह असतात. यामागचा इतिहास मला फार आवडतो. जुन्या आर-१२ आणि आर-२२ या गॅसांत क्लोरीन होतं. बेअरिंगमध्ये धातूला धातू घासला की त्या गरम ठिकाणी क्लोरीन लोखंडाशी संयोग पावून क्लोराइडचा पातळ पापुद्रा बनवायचं आणि तो झीज रोखायचा. म्हणजे गॅस स्वतःच गुपचूप वंगणाचं काम करत होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनसाठी क्लोरीनवाले गॅस जाऊ लागले, आर-१३४ए आला, आणि फुकटातली ही सोय गेली. मग तेल बनवणाऱ्यांनी ट्रायक्रेसिल फॉस्फेटसारखी झीजरोधक रसायनं मोजून घालायला सुरुवात केली. कोणत्या कॉम्प्रेसरला कोणतं आणि किती, हे चाचण्या करून ठरलेलं असतं. बाहेरून आणखी एक रसायन ओतलं की ते या आधीच्या रसायनाशी त्याच धातूच्या पृष्ठभागावरच्या जागेसाठी भांडतं. दोन चांगली औषधं एकत्र घेतली की दुप्पट गुण येतो असं वैद्यकशास्त्रातही नाही.

बाटलीवाल्यांकडे एक छोटं यंत्रही असतं. फिरणारी रिंग, तिच्यावर दाबून धरलेला लोखंडी रोलर, दाब वाढवायला लांब दांडा. साध्या तेलात रिंग कर्कश आवाज करून थांबते. बाटलीतले चार थेंब टाकले की दांड्यावर लोंबकळलं तरी थांबत नाही. बघणारे खूश. हे प्रात्यक्षिक खोटं नसतं, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतं. अति दाबाखाली धातू धातूला चिकटू न देणं ही क्लोरीनयुक्त रसायनांची खासियतच आहे, वर सांगितलेला पापुद्रा तोच. पण कॉम्प्रेसरची बेअरिंग चालताना अशा अवस्थेत नसते.

रिचर्ड स्ट्रिबेक नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०२ च्या सुमारास बेअरिंगच्या घर्षणाची मोजमापं प्रसिद्ध केली. वेग आणि तेलाचा घट्टपणा वाढवत नेला की घर्षण आधी झपाट्याने उतरतं, तळ गाठतं आणि मग सावकाश पुन्हा चढतं. डावीकडच्या चढावर धातूला धातू लागत असतो, उजवीकडे दोघांमध्ये तेलाची पूर्ण फिल्म असते. घासणाऱ्या पृष्ठभागावर काम करणारं ॲडिटिव्ह उपयोगी पडतं ते डावीकडे. चालू कॉम्प्रेसरची मुख्य बेअरिंग बहुतेक वेळ उजवीकडे असते, जिथे घर्षण म्हणजे तेलाने तेलाला केलेला विरोध. तिथे पृष्ठभागावर काय लावलंय याला विचारतंय कोण! सुरू होताना, बंद होताना, किंवा क्रँककेसमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, द्रव गॅस शिरून तेल पाणी-पाणी झालं असेल तेव्हा यंत्र डावीकडे जातं. त्या क्षणांत ॲडिटिव्हचा उपयोग होतो, पण तो झीज वाचवण्याचा. बिल वाचवण्याचा नव्हे. कॉम्प्रेसर जास्त वर्षं टिकेल असं लेबलवर लिहिलं असतं तर माझी भुवई एवढी वर गेली नसती.

बचतीची कमाल मर्यादा कागदावरच काढता येते. समजा कॉम्प्रेसरला दिलेल्या १०० युनिटांपैकी ८ युनिटं घर्षणात जातात. हे फक्त हिशेबापुरतं गृहीत. ॲडिटिव्हने त्यातलं चौथाई घर्षण खरोखर घालवलं तर वाचली २ युनिटं. घर्षण पूर्ण शून्य झालं, जे होत नाही, तरी ८ च्या वर जाता येणार नाही. मग लेबलवर वीस-तीस टक्के येतात कुठून?

काही वेळा ते संशोधनातूनच येतात. २००८ मध्ये चीनमधल्या संशोधकांचा एक निबंध आला. घरगुती फ्रिज, आर-१३४ए गॅस, तेलात वजनाने ०.१ टक्के टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण, आणि विजेची बचत २६.१ टक्के. निबंध नीट वाचला तर कळतं की तुलना पीओई तेलावर चालणाऱ्या फ्रिजशी आहे, आणि कण टाकले होते ते खनिज तेलात. म्हणजे बदल दोन झाले: तेलही बदललं, कणही आले. बचत कुणाच्या खात्यावर मांडायची? त्यांनीच ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापरून बघितले तेव्हा कणांच्या जातीने फारसा फरक पडला नाही. याच गटाने २०११ मध्ये आर-६००ए गॅसवर केलेल्या प्रयोगात बचत ९.६ टक्के आली. माझ्या हिशेबी तरीही बरीच, पण २६ आणि ९.६ मध्ये अंतर आहे. प्रयोगशाळेतला फ्रिज काही काळ चालतो. कण तेलात वर्षानुवर्षं तरंगत राहतील, की तळाशी बसतील, की गॅसमधली ओल आणि कचरा अडवणाऱ्या फिल्टर ड्रायरमध्ये जाऊन अडकतील, हा आम्हा चालवणाऱ्यांचा प्रश्न आहे.

पण बहुतेक मोठे आकडे संशोधनातून येत नाहीत, टाँग टेस्टरमधून, म्हणजे तारेला चिमटा लावून अँपिअर मोजायच्या मीटरमधून, येतात. माझ्या आधीच्या एका नोकरीत हवेने थंड होणाऱ्या चिलरवर एका पुरवठादाराने बाटली ओतून दाखवली. आधीचं रीडिंग रणरणत्या दुपारचं, नंतरचं पाऊस पडून गेल्यावरचं. अँपिअर चांगलेच उतरले होते. मी लॉगबुक उघडलं. डिस्चार्ज प्रेशर आधी १०.६ बार होतं, नंतर ९.१. आर-१३४एच्या तक्त्यात बघितलं तर कंडेन्सिंगचं तापमान ४५ अंशांवरून ४० वर आलं होतं. आदर्श यंत्राचं गणित मांडा: आत ५ अंश (केल्विनमध्ये २७८), बाहेर ४५, फरक ४०, तर कार्यक्षमतेचा गुणांक, म्हणजे दिलेल्या कामाच्या किती पट गारवा, २७८ भागिले ४०, म्हणजे ६.९५. बाहेर ४० झालं की २७८ भागिले ३५, म्हणजे ७.९४. तेवढ्याच गारव्यासाठी साडेबारा टक्के कमी काम, बाटलीचं बूचही न उघडता. शिवाय त्याच दिवशीच्या जॉब कार्डावर आमच्याच माणसांनी कंडेन्सर कॉइल धुतल्याची नोंद होती. पुरवठादार म्हणाला, कॉइल धुणं हा आमच्या पॅकेजचाच भाग आहे. यावर काय बोलणार.

अँपिअर म्हणजे वीज नव्हे, हेही सांगून टाकते. व्होल्टेज चढलं की तेवढ्याच कामाला अँपिअर कमी लागतात. भार उतरला की पॉवर फॅक्टर बदलतो. किलोवॉट मोजायचे, आणि त्याबरोबर यंत्राने गारवा किती दिला तेही मोजायचं. नुसते किलोवॉट कमी झाले म्हणजे कदाचित यंत्राने काम कमी केलं.

आणि इथे एक अवघड जागा आहे. गारवा मोजायचा तर पाण्याचा प्रवाह गुणिले आत-बाहेरच्या तापमानातला फरक. हा फरक साधारण ५ अंशांचा असतो. दोन्ही सेन्सर पाव-पाव अंशाने विरुद्ध दिशांना चुकले तर फरकात अर्ध्या अंशाची चूक, म्हणजे दहा टक्के. अशा सेन्सरांवर पाच टक्के बचत दिसत नाही, आणि खोटी दिसू मात्र शकते. सेन्सर एकाच बर्फाच्या पाण्यात बुडवून जुळवून घेतल्याशिवाय मी आता कुणाच्याच अहवालावर सही करत नाही. बाटली असो, नवा पंप असो.

तेलातून वीज वाचतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ती वाचवलीय कॉम्प्रेसर बनवणाऱ्यांनी, आणि वेगळ्याच वाटेने. घरगुती फ्रिजच्या आर-६००एवाल्या कॉम्प्रेसरमध्ये पूर्वी आयएसओ व्हीजी (तेलाच्या घट्टपणाचा क्रमांक) ३२ च्या आसपासचं तेल असायचं. मग १०, मग ७, मग ५ असं ते पातळ होत गेलं. स्ट्रिबेकच्या वक्राची उजवी बाजू आठवा: तेल पातळ तेवढा विरोध कमी. पण पातळ करत गेलं की डावीकडच्या चढाशी गाठ पडते, म्हणून बरोबरीने बेअरिंगच्या फटी, पृष्ठभागाची सफाई आणि तेलातली झीजरोधक रसायनं बदलावी लागली. ॲडिटिव्हने वीज वाचवली म्हणायचं तर ती इथे, पातळ तेल वापरण्याची मुभा देऊन. हे वाचून कुणी जुन्या कॉम्प्रेसरमध्ये पातळ तेल भरू नका. त्याच्या फटी जाड तेलाच्या हिशेबाने कापलेल्या असतात. मोठ्या यंत्रांत तर चुंबकी बेअरिंगवर तरंगणारे कॉम्प्रेसर आले, ज्यांत तेलच नसतं. घर्षण आणि थर, दोन्ही दाव्यांचा निकाल तिथे एकदमच लागतो.

घरच्या एसीबद्दल विचारणाऱ्यांना मी फिल्टर आणि बाहेरच्या युनिटची जाळी धुवायला सांगते. बंद सर्किट उघडून त्यात काही ओतणं हीच मुळात जोखीम आहे. पीओई तेल हवेतली ओल इतक्या हावरटपणे पितं की ते पत्र्याच्या सीलबंद डब्यात येतं, कारण प्लॅस्टिकमधूनही ओल आत शिरते. ओल शिरली की एस्टर फुटतं आणि आम्ल बनतं, ते मोटरच्या वायंडिंगचं इन्सुलेशन खातं. क्लोरीनयुक्त ॲडिटिव्ह उष्णतेने आणि ओलीने फुटलं तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं, ते आणखी वाईट. आणि अशा बाटल्या मी प्लॅस्टिकच्याच पाहिल्यात.

एकदा ओतल्यावर काढायचं कसं, हा प्रश्न मला अलीकडे एका मैत्रिणीने विचारला. तिच्या प्लँटवर आधीच्या मेकॅनिकने काय ओतलंय याची नोंदच नव्हती. उत्तर जुन्या काळच्या गॅसबदलात आहे. आर-१२ वरून आर-१३४एवर जाताना खनिज तेल काढून पीओई भरायचं, यंत्र चालवायचं, तेल पुन्हा काढायचं, पुन्हा भरायचं, सहसा तीनदा, जुनं तेल पाच टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. ॲडिटिव्हला तेच लागू. तिला मी आधी तेलाचा नमुना आम्लता आणि ओलाव्यासाठी तपासायला सांगितलं. आम्लता जास्त निघाली, त्यामुळे आता ती तेलाबरोबर फिल्टर ड्रायरही बदलतेय, आणि दर बदलानंतर ॲप्रोचची नोंद मला पाठवतेय. पहिल्या बदलानंतर त्यात काही फरक पडलेला नाही.